परतीचं वजन

अकराव्या फेरीत ब्रिटिश बॉक्सर केल ब्रूकने आपणहून गुडघा टेकला. २७ मे २०१७ची रात्र, शेफिल्डचं ब्रॅमल लेन मैदान, म्हणजे त्याचं स्वतःचं शहर. समोर अमेरिकेचा एरॉल स्पेन्स. ब्रूक बेशुद्ध वगैरे पडलेला नव्हता. त्याचा डावा डोळा सुजून मिटत आला होता आणि तो हातमोजा सारखा त्या डोळ्याकडे नेत होता. रेफरीने दहापर्यंत आकडे मोजले, ब्रूक उठला नाही, आणि वेल्टरवेट या वजनगटाचा किताब गेला.

डाव्या डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं होतं. साडेआठ महिन्यांपूर्वी उजव्या डोळ्याचं मोडलं होतं. तिथे शस्त्रक्रिया करून टायटॅनियमची पट्टी बसवलेली होती. तरीही त्या रात्री काही जणांनी त्याला पळपुटा ठरवलंच. खुर्चीत बसून दुसऱ्याच्या हाडांबद्दल शूर होणं सोपं असतं.

वजनगट ओलांडून मोठ्या माणसाशी लढणाऱ्या बॉक्सरांबद्दल आपण बोलतो ते बहुतेक त्या एका रात्रीपुरतं. टिकेल का, मार झेपेल का, किती फेऱ्या उभा राहील. मला मात्र गेली काही वर्षं वाटत आलंय की खरा धोका त्या रात्रीनंतर सुरू होतो. वर जाणं दिसतं, त्याच्या जाहिराती होतात. खाली परतणं कुणी बघत नाही, आणि हिशेब बऱ्याचदा तिथे होतो.

ब्रूक साडेआठ महिन्यांपूर्वी कुठे गेला होता? १० सप्टेंबर २०१६ला लंडनच्या ओटू अरिनात तो मिडलवेटचा विजेता गेनाडी गोलोवकिन याच्यासमोर उभा राहिला होता. वेल्टरवेटची मर्यादा १४७ पाउंड, म्हणजे ६६.७ किलो. मिडलवेटची १६०, म्हणजे ७२.६ किलो. मधला १५४चा गट ब्रूकने ओलांडलाच. खरं तर गोलोवकिनसमोर आधी नाव चर्चेत होतं ख्रिस युबँक ज्युनियरचं, जो मुळातच त्या वजनाचा. ती बोलणी अडली आणि ब्रूक पुढे आला. डब्ल्यूबीए या बॉक्सिंग संघटनेने आपला पट्टा, म्हणजे किताब, या लढतीसाठी लावायला नकार दिला. बाकीचं सगळं ठरल्याप्रमाणे झालं.

सहा किलो. ऐकायला काहीच नाही. आणि इथेच बघणाऱ्याची फसगत होते, कारण काट्यावर दोघेही जवळजवळ सारखेच भरतात. फोटोत दोघं समोरासमोर, छात्या फुगवलेल्या, वजन सारखं. मग तक्रार कसली?

तक्रार अशी, की काट्यावरचं वजन हे त्या दोन माणसांचं वजन नसतंच. वजन आदल्या दिवशी होतं. मोठा बॉक्सर त्या काट्यावर वरून उतरून आलेला असतो: घाम गाळून, पाणी तोडून, अंगातला शेवटचा ओलावा पिळून. एकदा नोंद झाली की तो पाणी प्यायला लागतो, जेवतो, आणि दुसऱ्या दिवशी रिंगमध्ये येईपर्यंत त्याने बरंचसं वजन परत चढवलेलं असतं. वर आलेल्या लहान बॉक्सरला मात्र तेवढं वजन भरायलाच कष्ट पडलेले असतात. त्याच्याकडे परत मिळवायचं असं फारसं काही नसतं. म्हणजे एक जण खालून चढत आलेला, दुसरा वरून उतरलेला. दोघांची गाठ काट्यावर पडते, आणि दुसऱ्या दिवशी त्यातला एक परत वर निघून गेलेला असतो.

हे किती विकोपाला जाऊ शकतं ते २६ फेब्रुवारी २०००ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दिसलं. आर्टुरो गॅटी आणि जोई गमाश यांची लढत १४१ पाउंडांना ठरलेली होती. सामन्याच्या रात्री टीव्हीवाल्यांच्या काट्यावर गॅटी साधारण १६० भरला. एका दिवसात. गमाश १३० आणि १३५ पाउंडांच्या गटांतला माजी विजेता. तो दुसऱ्या फेरीत कोसळला. मेंदूला इजा झाली आणि त्यानंतर तो कधीच लढला नाही. प्रकरण कोर्टात गेलं, पण कोर्टाच्या निकालाने डोकेदुखी थांबत नाही.

ठोसा किती जोरात बसतो याचं गणित वेग आणि त्यामागचं वस्तुमान यांनी ठरतं, हे शाळेत शिकलेलं असतंच. पण नुसत्या ठोशांच्या हिशेबात अर्धीच गोष्ट येते. मी बॉक्सर नाही. हौस म्हणून एके काळी जिममध्ये ग्लोव्हज चढवायचो, आणि तिथल्या ट्रेनरने एकदा मला माझ्यापेक्षा बऱ्याच वजनदार गड्यासमोर उभं केलं. त्याला ‘हळू मार’ अशी ताकीद होती आणि तो बिचारा हळूच मारत होता. ठोशांनी मला काहीही झालं नाही. मला संपवलं ते त्याच्या मिठीने. जवळ आला की तो माझ्या मानेवर हात टाकून नुसता रेलायचा. ढकलणं नाही, ओढणं नाही, फक्त अंगाचा भार माझ्यावर सोडून उभं राहायचं. मी त्याला सावरत उभा, आणि तो माझ्या पायांवर विश्रांती घेतोय! रेफरीचं काम करणारा ट्रेनर आम्हाला सोडवायचा तेव्हा त्याचा श्वास आधीपेक्षा शांत असायचा आणि माझ्या पोटऱ्या थरथरत असायच्या. दुसरी फेरी संपता संपता माझे हात हनुवटीपर्यंत वर येईनात. मग हळू मारलेले ठोसेसुद्धा लागायला लागले.

त्यानंतर मी जुनी १९५२ची शुगर रे रॉबिन्सन आणि जोई मॅक्सिम यांची लढत पाहिली तेव्हा वेगळी दिसली. त्या लढतीची ओळख ‘उकाड्याने हरवलेला रॉबिन्सन’ अशी आहे. २५ जून, यँकी स्टेडियम, रिंगच्या दिव्यांखाली ४० अंशांच्या घरातला उकाडा. रेफरी रूबी गोल्डस्टीनच दहाव्या फेरीनंतर गळून गेले, त्यांच्या जागी दुसरा रेफरी आणावा लागला. मिडलवेटचा विजेता रॉबिन्सन लाइट हेवीवेटचा (१७५ पाउंड) किताब घ्यायला गेला होता. तेराव्या फेरीपर्यंत तिन्ही जजांच्या कार्डांवर तो पुढे होता. चौदाव्या फेरीसाठी तो स्टुलावरून उठूच शकला नाही. दोनशेच्या आसपास सामन्यांच्या कारकिर्दीत मुदतीआधी हरण्याची ती एकमेव वेळ. उकाड्याचा वाटा मोठाच. पण उकाडा दोघांनाही सारखाच होता. जवळजवळ सोळा पाउंडांनी जड असलेला मॅक्सिम तेरा फेऱ्या त्याच्या अंगावर रेलत होता, हे त्या उकाड्याच्या गोष्टीत झाकलं जातं.

ब्रूकचंच बघा. गोलोवकिनसमोर तो कच्चा पडला असं म्हणता येणार नाही. दुसऱ्या फेरीत त्याचा एक अपरकट, म्हणजे खालून वर येणारा ठोसा, असा बसला की गोलोवकिनचं डोकं मागे गेलं आणि सभागृह उठून उभं राहिलं. पण डोळ्याचं हाडही त्याच फेरीत मोडलं. पुढच्या फेऱ्या तो ज्या माणसाशी लढत होता तो त्याला एकाहून अधिक दिसत होता. डोळ्याच्या खोबणीचा तळ शरीरातल्या सर्वांत पातळ हाडांपैकी एक. वर जायचं म्हणून खांदे भरता येतात, मांड्या कमावता येतात, मानेला व्यायाम देता येतो. ते हाड मात्र डंबेल्स उचलून जाड होत नाही. कवटी आणि मेंदूही त्याच मापाचे राहतात. पाचव्या फेरीत त्याच्या ट्रेनरने, डॉमिनिक इंगलने, लढत थांबवायला टॉवेल फेकला. लोकांनी हुर्यो उडवली. मला त्या संध्याकाळी सर्वांत शहाणा माणूस तोच वाटला.

मग जातात कशाला? पैसा, हे उत्तर खरं आहे पण अपुरं आहे. आपल्या गटात मोठं नाव उरलेलं नसतं, किंवा असतं ते लढायला तयार नसतं. वय वाढत असतं. आणि या सौद्यात एक गंमत असते. लहान माणूस हरला तर त्याची इज्जत जात नाही. ‘हिंमत तर केली’ म्हणून उलट वाढते. मोठा जिंकला तर ‘त्यात काय विशेष’, आणि हरला तर तोंड दाखवायला जागा नाही. म्हणजे मोठ्याने पणाला लावलेली असते अब्रू आणि लहानाने पणाला लावलेलं असतं शरीर. प्रमोटर दोन्ही एकाच भावाने विकतो. लहान तोंडी मोठा घास ही आपल्याकडे टीका. बॉक्सिंगमध्ये ती जाहिरात आहे.

आमिर खान (ब्रिटिश बॉक्सर, गैरसमज नको) त्याच वर्षी, ७ मे २०१६ला, लास व्हेगासमध्ये मेक्सिकोच्या कानेलो अल्वारेझसमोर १५५ पाउंडांच्या ठरवून घेतलेल्या वजनाला लढला. त्याने जगज्जेतेपद मिळवलं होतं १४०च्या गटात. पहिल्या फेऱ्यांत त्याच्या हातांचा वेग डोळ्यांत भरत होता. सहाव्या फेरीत कानेलोचा एकच उजवा ठोसा आला. खान जमिनीवर टेकण्याआधीच सगळं संपलेलं होतं, आणि कानेलो स्वतः काळजीने त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसला. त्यानंतर खान जवळजवळ दोन वर्षं रिंगमध्ये उतरला नाही. पुढे फेब्रुवारी २०२२मध्ये खान आणि ब्रूक अखेर एकमेकांशी लढले. ज्या लढतीची वर्षानुवर्षं वाट पाहिली ती दोघंही उतरणीला लागल्यावर झाली. ब्रूक जिंकला. दोघांचाही तो शेवटचा सामना ठरला.

पण परतीच्या धोक्याचं सर्वांत काळं उदाहरण साठ वर्षांपूर्वीचं आहे, आणि ते वेगळ्याच गोष्टीसाठी सांगितलं जातं. क्यूबाचा बेनी पॅरेट वेल्टरवेटचा विजेता होता. २४ मार्च १९६२ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एमिल ग्रिफिथने त्याला बाराव्या फेरीत कोपऱ्यात दोरांना रेटून इतकं मारलं, की पॅरेट शुद्धीवर आलाच नाही. दहा दिवसांनी, ३ एप्रिलला, तो गेला. सगळं टीव्हीवर लाइव्ह दिसलं. रेफरी होते रूबी गोल्डस्टीन, तेच, १९५२च्या उकाड्यातले. गोष्ट सांगणारे सांगतात ती वजनाच्या वेळी पॅरेटने ग्रिफिथला हिणवल्याची, ग्रिफिथच्या संतापाची, रेफरीने उशीर केल्याची. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

गळते ती त्याआधीची गोष्ट. ९ डिसेंबर १९६१ला, म्हणजे जेमतेम साडेतीन महिने आधी, पॅरेट लास व्हेगासला जाऊन जीन फुलमरशी लढला होता. फुलमर मिडलवेटचा विजेता, बैलासारखा दणकट, पुढे घुसून मारणारा. पॅरेटला दहा फेऱ्या त्याचा मार खावा लागला आणि दहाव्या फेरीत तो नॉकआऊट झाला. त्याआधी सप्टेंबरमध्ये ग्रिफिथशी पंधरा फेऱ्या. त्याआधी एप्रिलमध्ये ग्रिफिथकडूनच नॉकआऊट. एका वर्षाच्या आत चार जबर लढती, आणि त्यांतली तिसरी आपल्यापेक्षा मोठ्या माणसाशी. मग त्याला परत १४७ पाउंडांत बसवून पुन्हा ग्रिफिथसमोर उभं केलं. फुलमरने त्याचं किती नुकसान केलं होतं हे आता कुणीच सिद्ध करू शकणार नाही. पण रागाची गोष्ट सांगताना डिसेंबरची रात्र वगळणं मला पटत नाही. ग्रिफिथने ते ओझं आयुष्यभर वाहिलं. त्या लढतीला मान्यता देणाऱ्यांपैकी कुणी वाहिल्याचं माझ्या वाचनात नाही.

बरं, हे सगळे हरलेल्यांचे दाखले झाले. वर जाऊन जिंकलं तर? मला यात सर्वांत जास्त खिळवून ठेवतो तो रॉय जोन्स ज्युनियर. १ मार्च २००३ला त्याने जॉन रुइझला हरवून हेवीवेटचा पट्टा घेतला. तो १९३ पाउंड, रुइझ २२६. मिडलवेटच्या माजी विजेत्याने हेवीवेटचा किताब घेण्याची गोष्ट त्याआधी १८९७मध्ये बॉब फिट्झसिमन्सने केली होती. मध्ये १०६ वर्षं गेली. रुइझला त्या रात्री जोन्स सापडलाच नाही. तेव्हा जोन्सच्या कारकिर्दीत एकच पराभव होता, तोही नियमभंगामुळे बाद ठरवल्याचा.

मग तो परतला. नोव्हेंबरमध्ये त्याला लाइट हेवीवेटच्या १७५ पाउंडांत बसायचं होतं. पद्धतशीर कमावलेलं अठरा पाउंड वजन आठ महिन्यांत उतरवायचं, आणि ते नुसतं पाणी नव्हतं, कमावलेला स्नायू होता. वय ३४. ८ नोव्हेंबर २००३ला अँटोनियो टार्व्हरविरुद्ध तो उतरला तेव्हा चेहरा ओढलेला, पाय जड. ज्या दोरांना टेकून तो पूर्वी समोरच्याला खेळवायचा, त्याच दोरांवर आता तो दम खात होता. जजांच्या बहुमताने कसाबसा जिंकला आणि वजन उतरवण्याने आपण खचलो होतो असं म्हणाला. १५ मे २००४ला दोघं पुन्हा भेटले. सामन्याआधी रेफरीने रिवाजाप्रमाणे विचारलं, काही प्रश्न आहेत का? टार्व्हर म्हणाला, मला आहे. आज काही सबबी आहेत का, रॉय? दुसऱ्या फेरीत त्याचा डावा ठोसा बसला आणि जोन्स आयुष्यात पहिल्यांदा नॉकआऊट झाला. सप्टेंबरमध्ये ग्लेन जॉन्सनने त्याला पुन्हा पाडलं, नवव्या फेरीत, आणि त्या वेळी तो कितीतरी वेळ चटईवर तसाच पडून होता.

वय होतंच. टार्व्हर चांगला होताच. जोन्सचा खेळ सगळा वेगावर उभा, आणि वेग कुणालाच कायमचा मिळत नाही. तरीही मार्च २००३चा माणूस आणि मे २००४चा माणूस यांच्यात चौदा महिन्यांचं अंतर आहे असं मला ती चित्रफीत बघताना वाटत नाही. रुइझने त्याला एकही धड ठोसा मारला नसेल, पण रुइझपर्यंत जाऊन परत येण्यातच बरंच काही खर्च झालं.

उलट उदाहरणं आहेत, आणि ती सर्वांना माहीत आहेत. मॅनी पॅकियाओ १९९८मध्ये ११२ पाउंडांच्या फ्लायवेटचा विजेता झाला आणि २०१०मध्ये १५४च्या गटाचा किताब घेऊन आठ गटांचा विजेता. अँटोनियो मार्गारिटोविरुद्धच्या त्या रात्री तो १४८ होता आणि मार्गारिटो १६५. डोळ्याचं हाड मोडलं ते मात्र मार्गारिटोचं! पण पॅकियाओची गोष्ट सांगताना १९९९ विसरू नये. तेव्हा तो विशीचा, अंग वाढत होतं, आणि ११२मध्ये बसणं त्याला जमेना. किताब काट्यावरच गेला आणि मग खंगलेल्या अवस्थेत तो तिसऱ्या फेरीत नॉकआऊटही झाला. त्याच्यासाठी वरचा गट म्हणजे जुगार नव्हता, सुटका होती. बारा वर्षं तो पायरी पायरीने चढला, आणि ११२ला परत जाण्याचा प्रश्नच नव्हता. ओलेक्सांडर उसिकचंही तसंच. हेवीवेटच्या खालच्या क्रूझरवेट गटाचे सगळे पट्टे घेऊन तो हेवीवेटमध्ये गेला तो राहायलाच. पाहुणा म्हणून जाणं वेगळं आणि बिऱ्हाड हलवणं वेगळं.

मेरी कोमला तर पर्यायच नव्हता. तिची जागतिक विजेतेपदं ४५, ४६ आणि ४८ किलोंची. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांसाठी तीनच गट ठेवले होते आणि सर्वांत खालचा होता ५१. ती वर गेली, कांस्यपदक घेऊन आली. नंतर २०१८मध्ये ४८ किलोंत पुन्हा जगज्जेती झाली आणि पुढच्या ऑलिंपिकसाठी परत ५१ला. या ये-जा करण्याचं कौतुक झालं ते योग्यच. ती करायला कुणी भाग पाडलं, हे फार कमी जणांनी विचारलं.

नियम आहेत, नाहीत असं नाही. आयबीएफ ही संघटना किताबाच्या लढतीत सामन्याच्या दिवशी सकाळी पुन्हा वजन करते, आणि मर्यादेच्या वर दहा पाउंडांहून जास्त चढलेलं चालत नाही. अलीकडे मोठ्या करारांतही असं कलम घालतात. पण हे सगळे नियम त्या एका लढतीचे. वर जाऊन मार खाऊन आलेल्या बॉक्सरला खालच्या गटात परत उतरण्याआधी किती महिने थांबावं, किती वजन किती दिवसांत उतरवावं, यावर कुणी बोलत नाही. वैद्यकीय विश्रांती मिळते ती दुखापतीची. दोन गट खाली येणं ही दुखापत मानली जात नाही. उलट खाली किताब वाट बघत असतो, आणि त्यासोबत बंधनकारक आव्हानवीर. लढला नाहीस तर पट्टा सोड. ब्रूकसमोर स्पेन्स होता तो असाच.

१३ सप्टेंबर २०२५ला टेरेन्स क्रॉफर्डने हा सगळा हिशेब उलटवल्यासारखं केलं. १५४वरून थेट १६८ला जाऊन त्याने लास व्हेगासमध्ये कानेलोला बारा फेऱ्यांत, तिन्ही जजांच्या मते, हरवलं. वय ३७. मी शेवटच्या फेऱ्या उभा राहून पाहिल्या. एवढा मोठा माणूस समोर असताना एवढं शांत कुणी कसं राहू शकतं, हे मला अजून उमगलेलं नाही. त्याने तयारीला वर्षाहून अधिक वेळ घेतला, मध्ये दुसरी लढत घेतली नाही. लगेच चर्चा सुरू झाली: आता १६०ला उतरणार का, १५४ला परतणार का, पुढचा कोण. डिसेंबरमध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. ४२ सामने, ४२ विजय. कारणं त्याची त्याला ठाऊक, पण खाली उतरण्याचा प्रश्न त्याने कुणाला धसास लावू दिला नाही. चाहत्यांपैकी पुष्कळ जण हिरमुसले. मी नाही.